खुराडं कुठे ठेवायचं?

कोपरी, ठाणे (पूर्व)
५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय विहीणबाई,
सप्रेम नमस्कार.

फोन कानाला लावला की तुमच्या ऐकायच्या मशीनची शिट्टी वाजते आणि पलीकडचं सगळं त्या शिट्टीत जातं, असं भावनाने सांगितलं. म्हणून पत्र लिहिते आहे. नोकरी सगळी टपाल खात्यात गेली, पण स्वतःचं पत्र पेटीत टाकायची वेळ फारशी आली नाही. आणि तसं पाहिलं तर पोरांच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी आपण दोघी एकमेकींशी बोललोय किती? "बसा", "घ्या अजून", "नको, पुरे". एवढंच.

परवा मयूर आणि भावना येऊन गेले. फेब्रुवारीत तुमचं घर पाडणार, तिथे इमारत उभी राहणार आणि ती होईपर्यंत तुम्ही ठाकुर्लीला त्यांच्याकडे राहावं असं दोघांचं म्हणणं आहे. तुमचं म्हणणं, कोंबड्यांना टाकून मी कुठेही येणार नाही. मयूर म्हणाला, "आईला माझ्यापेक्षा कोंबड्या जवळच्या." हसत म्हणाला, पण हसू जरा उशिरा आलं.

त्यांचा फ्लॅट तळमजल्याचा आहे. मागे जमिनीचा एक तुकडा आहे, बिल्डरने तो गार्डन म्हणून विकलाय. तिथे आज एक तुळस आणि मोडकी सायकल आहे. मला असं सुचलं की तिथे एक छोटंसं तयार खुराडं आणून ठेवलं तर? हल्ली फोनवर मिळतात. मी एक बघून ठेवलंय. लाल छप्पर, पांढऱ्या खिडक्या, चढायला इवलीशी शिडी. माझ्याकडून तुम्हाला भेट. फक्त कोंबड्या किती आहेत ते कळवा.

आपली,
मेघना

---

शीळफाटा
१३ नोव्हेंबर २०२४

सौजन्यमूर्ती मेघनाताई यांस,
आवडाबाईचा नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर फार सुंदर. अंगणवाडीत होते तेव्हा मी पण लिहायचे, आता हात जड झालाय, सांभाळून घ्या.

कोंबड्या पाच, कोंबडा एक. गावठी. एवढ्या मोठ्या मनाने तुम्ही भेट देता आहात, पण तसदी घेऊ नका. खुराडं म्हणजे नुसतं छप्पर आणि शिडी नसते. ते जमिनीपासून उंच पाहिजे, नाहीतर घूस शिरते. जाळी इतकी बारीक पाहिजे की मुंगसाचा पंजा आत जाणार नाही. वारा खेळायला पाहिजे पण पावसाची झड आत यायला नको. बसायला आडवी काठी, तीही गोल, पायाची पकड बसेल अशी. अंडी घालायला अंधारा कोपरा. सकाळचं ऊन यावं, दुपारचं येऊ नये. साफ करताना माणसाला आत डोकं घालायला लागू नये. अशी वस्तू तयार मिळत नाही.

खिडक्या असल्या तर चालतील, पण कोंबड्या बाहेर बघत बसत नाहीत.

मयूरला सांगा, माझ्यासाठी धावपळ करायची नाही. माझे दीर धाकू आणि मी मिळून काहीतरी ठरवू.

आपली,
आवडाबाई

---

कोपरी
२ डिसेंबर २०२४

आदरणीय आवडाबाई,
स. न.

तुमचं पत्र येईपर्यंत लाल छपराचं मागवून झालं होतं. झालं ते सांगते.

ते घर म्हणून आलंच नाही. एका चपट्या खोक्यात फळ्या आणि एका पिशवीत मूठभर स्क्रू आले. रविवारी मयूर आणि भावना ते जोडायला बसले आणि मी खुर्चीवरून सूचना देत होते. मयूर इंजिनियर आहे म्हणून आम्ही दोघी निर्धास्त होतो. तासाभराने खुराडं उभं राहिलं तेव्हा शिडी छपरावर जात होती आणि बसायची काठी बाहेरच्या बाजूला लागली होती. पुन्हा सोडलं, पुन्हा जोडलं. मग भावना त्याच्या शेजारी उभी राहिली. खुराडं तिच्या गुडघ्याला. चित्रात शेजारी कोणी माणूस नव्हता, त्यामुळे मला ते घराएवढं वाटलं होतं. दार उघडायला गेले तर खिटी माझ्या हातात आली. ते सशासाठी असावं असं भावनाचं मत आहे. ससाही अंग चोरून राहील.

ते परत पाठवलं आणि मी शहाणी झाले. तुमच्या पत्रातलं एकेक वाक्य पाठ केलं आणि तुमच्याच शीळफाट्याच्या रस्त्याला पिंजरे करणारे बसतात तिथे भावनाला घेऊन गेले. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही तसदी घेऊ नका म्हणाला असता. पहिल्या दुकानात कुत्र्याचाच पिंजरा होता, त्यावर दुकानदाराने नुकतीच कोंबडी रंगवली होती. दुसऱ्याकडचं दुमजली होतं, पण वरच्या मजल्याची घाण खालच्या बिऱ्हाडावर पडेल अशी रचना. तिसऱ्याकडे मी विचारलं, मुंगसाचा पंजा जाईल का? मी स्वतःची बोटं घालून पाहिली. दोन गेली. मग त्याने आतून दुसरं काढलं. लोखंडी पाय, लाकडी भिंती, वर पत्रा, बारीक जाळी आणि खाली ओढून काढायचा ट्रे, म्हणजे डोकं बाहेरच राहतं. अंधारा कोपराही आहे. ते घेतलं. ते तयार उभं होतं, जोडायचं काहीच नव्हतं, म्हणून मयूरलाही आवडलं.

आता फक्त तोंड कुठे करायचं ते कळवा. गार्डनच्या पूर्वेला भिंत आहे.

आपली,
मेघना

---

शीळफाटा
११ डिसेंबर २०२४

मेघनाताई यांस नमस्कार.

तुम्ही इथवर आलात आणि घरी आला नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय.

पूर्वेला भिंत असेल तर तोंड दक्षिणेला करा. पत्रा दुपारी तापतो, त्यावर जुनी गोणपाटं टाका आणि उन्हाळ्यात ओली करा. पायांखाली विटा घाला, नाहीतर एक पाय मातीत जाईल आणि दार लागायचं नाही. ट्रेमध्ये भाताचा तूस पसरा. तूस नसेल तर लाकडाचा भुसा, पण कागद नको. कागदावर पाय घसरतात. चारी बाजूंनी वीतभर खोल जाळी पुरून वर माती ओढा. घूस बाहेरून खणत येते, तिला जाळी लागली की परत जाते.

कोंबडा शहरात चालायचा नाही हे मलाही कळतं. तो धाकूकडे राहील. धाकू भाड्याच्या घरात आधीच गेलाय आणि म्हणतो, त्याला तिथे कोणी उठवत नाही.

येत्या रविवारी मयूरच्या गाडीतून दोन कोंबड्या पाठवते, काळी आणि भुरी. जागा मानवते का बघू. मानवली तर पुढचं. नवीन जागी पहिले दोन दिवस बाहेर सोडायच्या नाहीत, आतच ठेवायच्या. मग सोडल्या तरी संध्याकाळी आपोआप घरी येतात. हे मयूरला दोनदा सांगा. एकदा सांगितलेलं त्याच्या लक्षात राहत नाही, लहानपणापासून.

आवडाबाई

---

कोपरी
९ जानेवारी २०२५

आवडाताई,
स. न.

उशीर झाला लिहायला. मुद्दाम केला, खरं सांगायचं तर.

मयूरला मी दोनदा सांगितलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी त्याला वाटलं, बिचाऱ्या कोंडल्यासारख्या झाल्यात, जरा पाय मोकळे करू देत. भुरी तिथेच उकरत बसली. काळी भिंतीवरून पार्किंगमध्ये गेली, तिथून लॉबीत आणि लिफ्टचं दार उघडलं तशी लिफ्टमध्ये. चौथ्या मजल्यावर उतरली. तिथे चेअरमन राहतात. त्यांच्या दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात, त्यांच्याच बुटात, तिने अंडं घातलं. चेअरमन सकाळी बूट घालूनच निघतात.

त्यावर त्यांच्या सोसायटीची सभा झाली, मीही गेले होते. आमची भावना, जी स्वयंपाकघरातल्या झुरळाला घाबरते, ती सभेत उभी राहून चेअरमनना म्हणाली की तुमचा कुत्रा जिन्यात काय करतो ते मी रोज ओलांडून जाते, माझ्या सासूबाईंच्या कोंबडीने निदान खाण्याजोगं काहीतरी दिलं. मला खाली बसवेना आणि हसूही आवरेना. पण मतं पडली ती आपल्या विरोधात. खुराडं आठवड्यात हलवा म्हणाले.

ठाकुर्लीत आता खुराडं नाही. काळी आणि भुरी सुखरूप आहेत, त्याची काळजी करू नका. मी तुम्हाला दिलेला शब्द पुरा झाला नाही याचं मला फार वाईट वाटतंय.

घाईत आहे. दुकान बंद व्हायच्या आत जायला हवं, घरातल्या कण्या संपल्यात.

आपली,
मेघना

---

शीळफाटा
२० जानेवारी २०२५

मेघनाताई,

तुमच्या घरात कण्या कशाला लागतात? चार वर्षांत तुमच्याकडून आलेल्या एकाही डब्यात कण्या नव्हत्या. काळी आणि भुरी तुमच्याकडे आहेत. तुम्हाला कोंबडीची भीती वाटते हे मला भावनाने लग्नातच सांगितलं होतं. आमच्या अंगणात तुम्ही खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होतात, ते मी तोवर मानपान समजत होते.

दोघींना धाकूकडे पाठवून द्या. तुम्ही पुष्कळ केलंत. कोणी विहिणीसाठी एवढं करत नाही. आता मी सांगते ते मयूरला सांगू नका.

कोंबड्या हे निमित्त होतं. गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी महिनाभर ठाकुर्लीला होते. पोरं गुणी आहेत. भावना मला चहासुद्धा करू द्यायची नाही. सकाळी दोघं गेली की संध्याकाळी अंधार पडल्यावर येणार. मधला सगळा दिवस मी त्या सोफ्यावर. शेजारची दारं बंद. टीव्ही लावला तर मशीनमध्ये नुसता गलका होतो. एक दिवस मी कुंडीतल्या तुळशीशी बोलले, तेही मोठ्याने, आणि मला माझीच लाज वाटली. इथे माझं ऐकू येण्यावाचून अडत नाही. बाया अंगणात येतात, तोंडाकडे बघून कळतं.

आता त्या बायाही चालल्या. कोणी कळव्याला, कोणी डोंबिवलीला. समोरचं घर गेल्या आठवड्यात पाडलं.

पोराला कसं सांगू, की तुझ्या घरात मला करमत नाही? त्याने किती हौसेने घेतलंय ते. म्हणून म्हटलं, कोंबड्या आहेत, येता येत नाही. कोंबडीचं कोणाला वाईट वाटत नाही. तुम्ही मध्येच खुराडं घेऊन आलात आणि माझी वाट बंद करत आणलीत. म्हणून मी ती एवढी लांबण लावली होती, गोल काठी आणि अंधारा कोपरा. मला वाटलं कंटाळाल. तुम्ही कंटाळला नाहीत.

धाकूच्या शेजारी एक खोली मिळते का बघते आहे.

आवडाबाई

---

कोपरी
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आवडाताई,

तुमचं पत्र मी चार दिवस कपाटात ठेवलं आणि रोज काढून वाचलं. मयूरला काही सांगितलेलं नाही.

कोंबड्या माझ्याकडेच आहेत. टेंपोवाल्याने खुराडं ठाकुर्लीहून दुपारी आणलं आणि माझ्या मागच्या परसात, पेरूच्या झाडाखाली ठेवून निघून गेला. तो गेल्यावर कळलं की दार भिंतीकडे झालंय. मी आणि भावनाने ते फिरवायचा प्रयत्न केला. फिरलं, पण एक पाय गटाराच्या झाकणावर आला आणि दार लागेना. मग तुमचं विटांचं आठवलं. भिंतीशी जुन्या विटा पडून होत्या. भावना ते उचलून धरायची आणि मी वीट सरकवायची, असं करत चारही पाय सपाट केले. जाळी पुरली. गोणपाट म्हणून माझा टपालाचा जुना थैला टाकलाय, तो बरोब्बर बसला.

भीतीचं म्हणाल तर ती होती. पहिले काही दिवस मी रेनकोट घालून आणि छत्री उघडून परसात जात होते, तेही कोरड्या जानेवारीत. वरच्या मजल्यावरचे सहदेव, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, ते गॅलरीतून बघत राहिले. शेवटी खाली आले. मला वाटलं आता इथेही सभा. त्यांनी विचारलं, अंडी जास्त झाली तर कोणाला देता? एवढ्यावर त्यांची हरकत मिटली.

आता छत्री लागत नाही. भुरी हातातून खाते. पण काळीचं काहीतरी बिघडलंय. अंधाऱ्या कोपऱ्यात बसून आहे, उठत नाही, खात नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते. सहदेव म्हणाले आजारी आहे. मला वाटतं तिला घराची आठवण येते. काय करू?

आता दुसरं. नीट ऐका, म्हणजे वाचा. तुम्ही इथे या, माझ्याकडे. मागची खोली भावनाची होती, तिला परसात उघडणारं स्वतंत्र दार आहे. लग्न होऊन ती गेल्यापासून त्या खोलीत मी फक्त झाडू मारायला जाते. जेवायला बसताना मी दोन ताटं काढते आणि एक परत ठेवते. तुम्ही तुळशीशी बोललात. मी रेडिओवर बातम्या देणारीला उत्तरं देते, त्यामुळे लाज वाटायची असेल तर दोघींनी मिळून वाटून घेऊ.

मुलाची आई सुनेच्या माहेरी राहते, हे कोणी ऐकलंय का, असं लोक म्हणतील. मी आधी भावनाला विचारलं. ती हसली, मग स्वयंपाकघरात गेली आणि डोळे पुसून आली. मयूर म्हणाला, "गावात काय सांगू?" मी म्हटलं, गावच पाडतायत, सांगायला उरणार कोण? हे बोलून गेले आणि मग वाटलं की चुकीचं बोलले. तुम्हाला लागलं असेल तर क्षमा करा.

मी तुमच्याशी समोर बसून, तोंड दाखवून, सावकाश बोलेन. कोपरीतली सगळी माणसं माझ्या दारावरून जातात आणि थांबतात, टपालातल्या ओळखीची. तुम्हाला कंटाळा आला तर तुम्ही जा. मी धरून ठेवणार नाही.

मेघना

---

शीळफाटा
१४ फेब्रुवारी २०२५

मेघनाताई,

काळी आजारी नाही. खुडूक झाली आहे. तिला अंड्यांवर बसायचंय, म्हणून कोपरा धरलाय. तिला हात लावू नका, पाणी जवळ ठेवा.

तुमचं पत्र धाकूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वहिनी, तुमी जा. मी लोकांना सांगन, खुराड्याची राखण करायला गेल्यान."

रविवारी येते. बरोबर तीन कोंबड्या आणि काळीच्या पोटाखाली ठेवायला अंडी आणते. अंडी मांडीवर घेऊन बसेन, तेव्हा मयूरला गाडी सावकाश चालवायला सांगा. दोनदा सांगा.

चहा मी करीन. ते मान्य असेल तरच दार उघडा.

आवडा

---

कोपरी, ठाणे (पूर्व)
१२ मार्च २०२५

प्रिय मेघनाताई,

तुम्ही शिमग्याला बहिणीकडे रत्नागिरीला गेलात त्याला पाच-सहा दिवसच झाले, पण घरात तुमचा आवाज नाही म्हणजे काय ते मला कळतंय. मशीन काढून ठेवलं तरी तुमचा आवाज मला बरोबर कळतो. तुम्ही हळू बोलते म्हणून सांगितलंत, पण तुम्हाला ते जमत नाही. ते बरंच आहे.

मुख्य बातमी. काल सकाळी मी तूस बदलायला गेले आणि काळीच्या पंखाखालून एक चोच बाहेर आली. दुपारपर्यंत सात झाली. दोन अंडी फुटली नाहीत, ती काढून टाकली. एक पिल्लू अगदी पिवळं, बाकीची काळपट. आपण लावलेल्या शिडीवरून उतरताना पिल्लं पडू नयेत म्हणून मी फळी तिरकी लावून वर गोणपाट ठोकलं. खुराड्याची शिडी तीनदा बदलून झाली, पण आता ठीक आहे.

मयूर संध्याकाळी आला, एकटाच, भावनाला उशीर होता. तो पिल्लं बघत उकिडवा बसला. मग मान वर न करता विचारलं, आई, तुला तिकडे माझ्याकडे करमत नव्हतं का? मी म्हटलं नव्हतं. इतके महिने जे बोलायला घाबरत होते ते एका शब्दात झालं. त्याला लागलं, दिसलं मला. पण तो रागावला नाही. म्हणाला, मग आधी सांगायचंस ना गं, मी त्या चेअरमनशी उगाच भांडलो नसतो. मी म्हटलं, तू कुठे भांडलास, भावना भांडली. तेव्हा हसला. जेवून गेला. जाताना त्याने ट्रे काढून धुतला, न सांगता.

सहदेवांना चार अंडी दिली. ते विचारत होते, पिल्लं मोठी झाल्यावर कोंबडे किती निघतील? मी म्हटलं आत्ता सांगता येत नाही. ते काळजीत गेले. त्यांची समजूत तुम्ही आल्यावर काढा.

आणि आज दुपारी एक मीटर बघणारी मुलगी आली. नवीन होती. म्हणाली, मेघनाताई कुठे आहेत? मी सांगितलं, गावाला गेल्यात. तिने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण?

विहीण म्हणावं तर तिला पटलं नसतं, वर पुढचे दहा प्रश्न आले असते. मैत्रीण म्हणायची आपल्याला सवय नाही. हातात कण्यांची वाटी होती, मागे पिल्लं ओरडत होती, मुलगी पेन घेऊन उभी.

मग म्हटलं, "मी इथे राहते. काय लिहायचंय ते मला सांग."

तिने लिहून घेतलं आणि गेली.

शिमगा पुरा करूनच या, घाई करू नका. पण या.

तुमची,
आवडा